रिम्दीकाठची पाच मिनिटं

नदीचा वेग संत्र्यानं मोजता येतो, हे जुनेली घर्तीला आठवीत कळलं. तिहारची, म्हणजे दिवाळीची, सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात टोपलाल सर आठवीच्या पोरांना खाली रिम्दीवर न्यायचे. काठावर वीस मीटरच्या अंतरावर दोन काठ्या रोवायच्या, वरच्या काठीपाशी एकानं पाण्यात संत्रं सोडायचं आणि खालच्या काठीपाशी दुसऱ्यानं घड्याळ धरून बसायचं.

"संत्रंच का, सर?" कुणीतरी दरवर्षी विचारायचंच.

"अर्धं बुडतं, अर्धं वर राहतं, म्हणून वारा त्याला फार ढकलत नाही," सर सांगायचे. "आणि गणित चुकलंच, तर सोलून खाता येतं."

जुनेलीनं तीनदा संत्रं सोडलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. ती रडकुंडीला आली. सरांनी तिची वही घेतली, तिन्ही उत्तरं वाचली आणि म्हणाले, "अगं, तिन्ही बरोबर आहेत. नदी आहे ती, शाळेची घंटा नव्हे." त्या दिवशी तिनं घरी जाऊन आईला सांगितलं की मी इंजिनियर होणार. आई कोदो पाखडत होती. ती म्हणाली, "हो बाई, पण आधी बकऱ्या बांध."

ती खरंच इंजिनियर झाली. राजधानीत चार वर्षं शिकली, दोन वर्षं दुसऱ्या एका धरणावर उमेदवारी केली आणि सत्ताविसाव्या वर्षी परत आली ती आपल्याच नदीवर. रिम्दीवर तोवर बांध उभा राहिला होता. बांधामागे छोटंसं तळं होतं. तळ्यातून पाणी बोगद्यात शिरायचं, डोंगराच्या पोटातून आठ किलोमीटर जाऊन वीजघरात कोसळायचं आणि तिथली वीज डोंगर उतरून, तराई ओलांडून, सीमेपलीकडे भारतात जायची. गावातले लोक बांधाला 'जुनेलीचा बांध' म्हणायचे. तिला ते ऐकायला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

बांध बांधणाऱ्यांत ती नव्हती. तिच्याकडे आलं होतं ते बांधाखालचं काम. पाऊस संपला की रिम्दीचं जवळजवळ सगळं पाणी बोगद्यात जायचं आणि बांधाखाली नुसते गोटे उरायचे. नियमाप्रमाणे दहा टक्के पाणी नदीत सोडायचं, ते त्या गोट्यांमधून एखाद्या पाटासारखं वाहायचं. बायका तिथं कपडे धुवायच्या, गुरं उतरायची, कुणी वाळू भरायचं. पण लांब कुठे तारेत बिघाड झाला की वीजघरातली यंत्रं बंद पडायची आणि बोगदा पाणी घेईनासा व्हायचा. मग सगळी नदी तळ्यात तुंबायची आणि बांधाचे दरवाजे आपोआप उघडायचे. कोरड्या गोट्यांवर काही मिनिटांत पुरुषभर पाणी! म्हणून भोंगे हवे होते. ते किती, कुठे आणि दरवाजे उघडण्याआधी किती वेळ वाजायला हवेत, हे जुनेलीनं ठरवायचं होतं.

तळं काठोकाठ न भरता मीटरभर रिकामं ठेवलं, तर तुंबणारं पाणी दहा मिनिटं थोपवून धरता येत होतं. वीतभरच रिकामं ठेवलं, तर तीन मिनिटं. पण तळं जितकं भरलेलं, तितकी संध्याकाळी जास्त वीज, आणि संध्याकाळच्याच विजेला सीमेपलीकडून मागणी होती. प्रकल्पाचे प्रमुख अमात्य साहेब वाईट माणूस नव्हते. ते तिला लेकीसारखं 'नानी' म्हणायचे. एकदा म्हणाले, "नानी, मला दहा मिनिटं नकोत असं नाही. मला एवढंच सांग, माणसाला नदीतून वर यायला खरोखर किती वेळ लागतो? तू स्वतः मोज. तू सांगशील ते मी मान्य करीन."

तिनं मोजलं. भोंग्यांच्या चारही जागी ती नदीत उतरली आणि घड्याळ लावून वर चढली. सगळ्यांत अवघड होता शाळेखालचा घाट. आधी गोट्यांचं रुंद पात्र, मग दगडी पायऱ्या. तिला चार मिनिटं दहा सेकंद लागली. भोंगा वाजल्यावर तीन मिनिटांनी दरवाजे उघडणार आणि पाणी घाटापर्यंत पोचायला आणखी दोन, म्हणजे तळं वीतभरच रिकामं ठेवूनही पाच मिनिटं मिळत होती. नमुन्याच्या कागदावर एक रकाना होता, 'चालणाऱ्या व्यक्तीचे वर्णन'. तिनं लिहिलं, 'सुदृढ, प्रौढ'. खाली सही केली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

टोपलाल सर निवृत्त झाले होते, तरी शाळेनं त्यांना सोडलं नव्हतं. विज्ञानाचा मास्तर डोंगरात टिकत नव्हता. आला की सहा महिन्यांत बदली करून घ्यायचा. मग सरच ढाका टोपी घालून, हातात काठी घेऊन वर्गावर जायचे. उजवा गुडघा गेला होता. जुनेली त्यांना जवळजवळ रोज बघायची.

त्या वर्षी तिहारनंतर ते तिला बाजारातल्या चहाच्या दुकानात भेटले. गळ्यात सयपत्रीची, म्हणजे झेंडूची, सुकलेली माळ तशीच होती. भाऊबीजेला बहिणीनं घातलेली, काढवत नव्हती म्हणे.

"इंजिनियर साहेब, गुरुवारी पोरांना नदीवर नेतोय," ते म्हणाले.

"सर, नदी आहे कुठे आता? संत्रं गोट्यांवर लोळवणार का?"

"तेच तर! एवढ्याशा पाण्यात पोरं उभी राहू शकतात. रुंदी मोजतील, खोली मोजतील, वेग काढतील. तुझी कंपनी म्हणते ना, दहा टक्के पाणी सोडतो? आठवीचा वर्ग तपासून बघणार आहे."

"आणि नऊ निघालं तर?"

"तर तुझे कान पिळीन. नोकरीला लागलीस म्हणून सुटलीस असं समजू नकोस."

जुनेली हसली. मग सर जरा गंभीर झाले. "दरवाज्यांचं काय गं? अचानक सुटतात म्हणतात."

"भोंगा वाजतो आधी. पाच मिनिटं मिळतात. दर शनिवारी मी स्वतः तपासते, सर."

"म्हणजे भरवसा ठेवू?"

"डोळे मिटून ठेवा," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती बांधावरच्या नियंत्रण कक्षात होती. सोबत डम्बर दाइ होता, दरवाजे बघणारा जुना माणूस; सगळेच त्याला दाइ, म्हणजे दादा, म्हणायचे. नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पडद्यावरचे वीजघराचे आकडे एकदम शून्यावर आले. "गेली लाईन," डम्बर दाइ म्हणाला. घरातला दिवा गेल्यावर माणूस म्हणतो, तितक्याच सहज. वर्षातून सात-आठ वेळा हे व्हायचंच. लगेच भोंगे सुरू झाले. चारही भोंग्यांचे हिरवे दिवे लागले. चारही! शेवटचा, शाळेच्या घाटावरचा, गेल्या पावसात कुरकुरत होता. त्याची बॅटरी तिनं स्वतः बदलली होती. तो लागलेला बघून तिला समाधान वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला ते समाधानच आठवत राहिलं.

आज गुरुवार आहे, हे तिच्या डोक्यात आलं का? आलं. सर पोरांना घेऊन खाली असतील, हेही आलं. पण भोंगा वाजतोय, पाच मिनिटं आहेत आणि पोरं तर माकडांसारखी चढतात, असं तिनं मनाशी म्हटलं. तीन मिनिटं झाली. दरवाजे उचलले गेले. पायाखालची जमीन नेहमीसारखी थरथरली. तिनं नोंदवहीत लिहिलं, 'भोंगे चालू. दरवाजे ९.५०. सर्व ठीक.'

दहा वाजून चार मिनिटांनी शाळेतून फोन आला.

घाटावर ती पोचली तेव्हा आठवीची अकरा पोरं पायऱ्यांच्या वरच्या टोकाला एकमेकांना चिकटून बसली होती. कुणी रडत नव्हतं. खाली रिम्दी दोन्ही काठ भरून, तपकिरी होऊन वाहत होती. बिपना नावाच्या मुलीच्या हातात मोजपट्टी होती. तिनं ती गुंडाळायचीही नाही आणि सोडायचीही नाही अशी धरली होती.

"सर म्हणाले, पळा," बिपनानं सांगितलं. "आम्ही म्हटलं, तुम्ही पण चला. सुमननं त्यांचा हात धरला. सरांनी त्याला काठी दाखवली. मारीन म्हणाले. म्हणाले, मी मागून येतो, वर गेलात की मोजा, अकरा भरले पाहिजेत."

"मग?"

"आम्ही मोजले. अकरा होते. मग आम्ही ओरडून सांगितलं, सर, अकरा आहेत! त्यांनी हात वर केला." बिपना थांबली. "ते पायऱ्यांपर्यंत आलेच नव्हते, दिदी. मोठ्या दगडापाशी होते. पाणी आलं, तेव्हा ते दगडावर चढले. आम्ही खाली उतरायला लागलो, तर ओरडले, खबरदार, एक पायरी जरी उतरलात तर! मग दगड दिसेना."

जुनेली पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथंच बसली. मागोमाग आलेल्या डम्बर दाइनं तिला दोन्ही खांद्यांना धरून वर आणलं, तेव्हा तिच्या बुटांत पाणी भरलेलं होतं.

टोपलाल सर तिसऱ्या दिवशी सापडले, सात किलोमीटर खाली, वाळूत. टोपी सापडली नाही. मुलगा कोरियात होता. तो यायच्या आधीच पुतण्यानं अग्नी दिला. मुलगा पाचव्या दिवशी आला, पांढरं नेसून क्रियेला बसला. जुनेली अंगणाच्या कडेला उभी होती. त्यानं तिला बघितलं आणि तिथूनच विचारलं, "भोंगा वाजला होता ना, दिदी?"

"वाजला होता."

"सगळे तेच सांगतात. भोंगा वाजला होता, भोंगा वाजला होता." त्यानं मान खाली घातली. "वाजला नसता तर बरं झालं असतं. कुणावर तरी रागावता आलं असतं."

तिला सांगायचं होतं की माझ्यावर रागाव. ते न सांगताच ती परत फिरली.

राजधानीतून चौकशीला दोन माणसं आली. लाईन का गेली तेही तोवर कळलं होतं. सीमेपलीकडे शेकडो मैलांवर कुणीतरी शेतात भाताचं काड जाळलं, धूर आणि ज्वाळा वरच्या तारांना भिडल्या आणि लाईन बंद पडली. त्या शेतकऱ्याला रिम्दी हे नाव कधी ऐकूही येणार नव्हतं. चौकशीवाल्यांनी भोंगे तपासले, नोंदवही वाचली, पोरांना विचारलं आणि तीन पानी अहवाल तयार केला. यंत्रणा मंजूर आराखड्याप्रमाणे चालली. पूर्वसूचना पुरेशी होती. मृत व्यक्तीने सूचनेनंतर वेळेत पात्र सोडले नाही. सुरक्षा अभियंता म्हणून खाली जुनेलीची सही हवी होती.

"सूचना पुरेशी नव्हती," ती म्हणाली.

"अकरा मुलं वाचली," त्यांच्यातला वयस्कर माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमच्या भोंग्यानं वाचली, बहिनी. हेही लक्षात घ्या."

"ज्यांना पळता येत होतं ते वाचले. मी पळता येणाऱ्यांसाठीच मोजलं होतं."

अमात्य साहेबांनी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. ते सहा दिवसांत म्हातारे दिसायला लागले होते. "जुनेली, मान्य तर मीच केलं होतं ना? मग तू एकटीनं का ओढवून घेतेस? सही कर. तळं खाली ठेवायचं मी हळूहळू जमवतो. तू असं काही लिहिलंस, तर पुन्हा कुठल्या प्रकल्पावर घेणार नाहीत तुला."

"तुम्ही मला विचारलं होतं, साहेब. खरोखर किती वेळ लागतो, असं विचारलं होतं. खोटं उत्तर मी दिलं."

"खोटं नव्हतं ते. तुला तेवढाच वेळ लागला होता."

"मलाच तर लागला होता."

तिनं अहवालावर सही केली नाही. वेगळं पान घेतलं आणि त्यावर लिहिलं की पाच मिनिटांचा हिशेब माझा आहे. तो करताना मी म्हातारी माणसं, पोटुशी बाई, डोक्यावर भारा असलेला माणूस, पाय अधू असलेला माणूस, यांतलं कुणीही धरलं नाही. यांतली सगळी माणसं मी त्या घाटावर रोज पाहत होते. तळं मीटरभर रिकामं ठेवावं आणि तोवर दिवसा कुणाला पात्रात उतरू देऊ नये. ते पान वर गेलं. पुढे माघ महिन्यात तळं खरंच खाली आणलं गेलं आणि भोंगा दरवाजांच्या आधी दहा मिनिटं वाजायला लागला. जुनेलीला मात्र त्याआधीच कामावरून कमी केलं होतं. तिनं त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही.

पण सरांच्या घरी जायचं राहिलं होतं. तेरावा होऊन गेला, मुलगा परत कोरियाला गेला, तरी तिचे पाय वळत नव्हते. शेवटी एका दुपारी ती गेली. गुरुआमा, म्हणजे सरांची बायको मनरूपा, अंगणात ऊन खात संत्र्यांच्या साली वाळत घालत होती. परड्यातली दोन झाडं लगडली होती. पांढऱ्या साडीत ती एवढीशी दिसत होती.

"आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलं, तूही कुठे परदेशी गेलीस की काय. बस."

जुनेली बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगून टाकलं. तळं, वीतभर, मीटरभर, तीन आणि दोन पाच, तिनं स्वतः चढून बघितलेल्या पायऱ्या. किती समजत होतं कोण जाणे, पण गुरुआमा ऐकत होती. सालींवरची माशी हाकलत राहिली.

"म्हणजे तू घड्याळ लावून चढलीस," सगळं झाल्यावर ती म्हणाली.

"हो, गुरुआमा."

"मला का नाही विचारलंस?"

जुनेलीला कळलं नाही.

गुरुआमानं अंगणाच्या टोकाकडे हात केला. तिथून खालचा घाट, पायऱ्या, गोटे, सगळं उघडं दिसत होतं. "सुट्टीच्या दिवशी सकाळी जायचे ना ते खाली, पाण्याला हात लावून यायचे. मी इथनं बघायचे. ते परत फिरले, की मी चूल पेटवायचे. पाणी उकळायचं, दूध व्हायचं, चहा व्हायचा, तो गाळून झाकून ठेवायचे, अंगणही झाडून व्हायचं. तेव्हा कुठे डोकं दिसायचं त्यांचं पायऱ्यांवर. पाच मिनिटं? अगं, पाच मिनिटांत त्यांचं त्या मोठ्या दगडापर्यंतसुद्धा जमत नव्हतं. मला विचारलं असतंस, तर सांगितलं असतं मी. वीस मिनिटं लागायची, नानी. गुडघा दुखत असला, तर जास्तच."

तिच्या आवाजात राग नव्हता. जुनेली त्या साली पसरलेल्या चटईच्या कडेला बसली. रडू आलं नाही. तेवढं तरी यावं, असं तिला वाटत होतं.

खाली रिम्दी परत पाटाएवढी झाली होती. घाटावर आता काटेरी तार होती आणि लाल पाटी.

"एक विचारू?" गुरुआमा म्हणाली. "पोराला विचारलं, तर तो रडायलाच लागला. चौकशीवाल्यांना विचारायची लाज वाटली. तुला नक्की माहीत असेल. ते पाणी... खूप गार होतं का गं? त्यांना गारठा सोसायचा नाही. कार्तिक लागला, की दोन दोन गंज्या घालायचे. त्या दिवशी घाईत एकच घालून गेले. मला रात्रंदिवस तेच येतं मनात, की गारठले असतील."

जुनेलीला माहीत होतं. बांधाच्या दारापाशी पाण्याचं तापमान मोजणारा काटा होता आणि तो रोज बघायचं काम तिचंच होतं. त्या दिवशी तिनं सकाळी आठ वाजता नोंद केली होती. हिमालातून, बर्फाच्या डोंगरांतून, उतरलेलं पाणी होतं ते. सहा अंश.

आयुष्यात तिनं सरांसमोर किंवा सरांच्या घरात कधी चुकीचा आकडा सांगितला नव्हता.

"नाही, गुरुआमा," ती म्हणाली. "तळ्यात दिवसभर ऊन खात पडलेलं असतं ते पाणी. कोमट होतं. आंघोळीला घेतो ना आपण, तसं."

गुरुआमानं तिच्याकडे निरखून पाहिलं. पन्नास वर्षं ती त्या नदीच्या काठावर राहिली होती. पन्नास वर्षं त्या पाण्यात कपडे धुतले होते. तिनं हळूच मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं, सांगितलंस."

मग तिनं पदरानं डोळे पुसले, हात टेकून उठली, परड्यातून एक संत्रं तोडून आणलं आणि ते सोलून अर्धं जुनेलीच्या हातावर ठेवलं. जुनेलीनं एक फोड तोंडात घातली. बाकीच्या हातातच धरून ठेवल्या. गुरुआमा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खा, खा. जाताना सांभाळून जा, वाटेवर गोटे सुटलेत," आणि पुन्हा सालींपाशी बसली.